स्वस्तातली जुनी गाडी घेऊन ती पळवायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कट्ट्यावर, टायरच्या दुकानात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढून घेताना, मला हेच प्रश्न विचारले गेले आहेत. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. पुण्यात राहून जुन्या गाड्यांवर बऱ्यापैकी पैसे घालवलेल्या माणसाची ही मतं आहेत, त्यामुळे उदाहरणंही इथलीच आहेत.

चार-पाच लाखांत सगळ्यात वेगवान गाडी कुठली मिळेल?

प्रश्न असा विचारला की उत्तर चुकतंच. "सगळ्यात वेगवान" म्हणून जी गाडी त्या पैशात मिळते, ती बहुतेक वेळा आधीच्या मालकाने पिळून काढलेली असते. सर्वांत कमी वापरलेली, सर्वांत हलकी आणि जिचे पार्ट आजही मिळतात अशी गाडी कुठली, हे शोधा.

हलकी का, ते आकड्यांत बघा. जुन्या मारुती एस्टीमचं १३०० सीसीचं १६ व्हॉल्व्ह इंजिन ८५ पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती), आणि गाडी ९०० किलोच्या आत. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय १०५ पीएसची, पण वजन ११०० किलोच्या आसपास. भागाकार केला तर दोघींनाही टनामागे साधारण ९५ पीएस येतात! एक कित्येक वर्षांपूर्वीची सेडान, दुसरी टर्बोवाली (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली) जर्मन हॅचबॅक. टर्बोचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, इंजिनाच्या कमी फेऱ्यांपासूनच येतो म्हणून पोलो रस्त्यावर जास्त ताकदवान वाटते, ते खरंच आहे. पण वजन कमी असलं की गाडी नुसती पळत नाही, थांबते लवकर, वळते चांगली, आणि टायर-ब्रेकवर खर्चही कमी होतो. ही सोय बाहेरून विकत घेता येत नाही.

पाच लाख जमवलेत. पाचांची गाडी घेऊ ना?

नको. साडेतीनची घ्या. उरलेल्या दीड लाखातले पहिले पन्नास-साठ हजार गाडी जशी कारखान्यातून आली होती तशी करण्यात जातील. बुश, लिंक रॉड, इंजिन माउंटिंग, सगळी ऑइलं, कूलंट, होज पाइप, बॅटरी, टायमिंग बेल्ट असेल तर बेल्ट. हे करताना काही "मॉडिफाय" केल्याचा आनंद मिळत नाही, मित्रांना दाखवण्यासारखं काही नसतं, म्हणून लोक हे टाळतात आणि थेट रिमॅपवर (इंजिनाच्या संगणकाचं गणित बदलण्यावर) उडी मारतात. मग तीन महिन्यांनी गाडी टोइंगवर.

पेट्रोल घेऊ, टर्बो पेट्रोल घेऊ की डिझेल?

नुसती ताकद वाढवायची असेल तर टर्बो हवा, मग पेट्रोल असो वा डिझेल. टर्बो इंजिनात संगणकाचं गणित बदललं की बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढतो, आणि साधारण १५ ते २५ टक्के ताकद मिळू शकते. बिनटर्बो पेट्रोल इंजिनात तेच केलं तर पाचेक टक्के मिळाले तरी खूप. तिथे खरी वाढ हवी असेल तर कॅम, हेडचं काम, कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन उघडणं आलं. खर्च मोठा आणि हाताळणारा मिस्त्री तितक्या ताकदीचा हवा.

पण गाडी चालवायला शिकायची असेल, ट्रॅकवर वा घाटात नेमकेपणा शिकायचा असेल, तर हलकी बिनटर्बो पेट्रोल गाडी मी आजही आधी सुचवतो. ती चुका माफ करते. डिझेलचं नाक जड असतं, त्यामुळे वळणात शिरताना गाडी बाहेर जायला बघते. सरळ रस्त्यावर मात्र ओव्हरटेकला डिझेलची मजा वेगळी, हे मी नाकारणार नाही.

बरं, नावं सांगा.

जुन्या जिप्सी, झेन, एस्टीम यांनी भारतीय रॅली घडवलीय, असं म्हटलं तरी चालेल. त्यातली एस्टीम अजूनही माझ्या मनात पहिली आहे, पण चांगली सापडणं आता नशिबाचा भाग. तीच परंपरा पुढे २००५ साली आलेल्या पहिल्या स्विफ्टने चालवली. १.३ लिटर, ८७ पीएस, वजन हजार किलोच्या आसपास. २०१० मध्ये हे इंजिन जाऊन १.२ लिटरचं के-सिरीज आलं. शिकायला म्हणून गाडी हवी असेल तर ही १.३ची पेट्रोल स्विफ्ट शोधा. पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि काम कुठलाही मिस्त्री डोळे झाकून करतो. अडचण एकच, पंधरा वर्षांचं पासिंग. त्याबद्दल पुढे.

होंडा सिटीच्या पहिल्या पिढीतली १.५ व्हीटेक, २००० ते २००३ दरम्यानची, १०६ पीएसची. वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) ती जो आवाज काढते त्यावर लोक आजही जीव टाकतात. पण आता ती छंदाची गाडी आहे. ट्रिमचे, काचांच्या रबराचे, बारीकसारीक पार्ट शोधण्यात शनिवार-रविवार जातात. तुम्हाला नाना पेठेत आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात भटकायला आवडत असेल तर जरूर घ्या.

फियाट पॅलिओ १.६ हे तसंच प्रकरण. १०० पीएस, भक्कम बांधा, आणि सचिनच्या नावाने निघालेली एस-१० आवृत्ती तर संग्रहातच गेली. पॅलिओवर प्रेम करणारे लोक वेगळ्या मातीचे असतात, त्यांना मी सल्ला देत नाही.

रांजणगावच्या कारखान्याने मात्र वेगाच्या वेड्यांना दोन चांगल्या गाड्या दिल्या. लिनिया टी-जेट, १.४ टर्बो, ११४ पीएस. आणि २०१५ ची अबार्थ पुंतो, त्याच इंजिनातून १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दहा लाखांच्या आत तेव्हा इतकी ताकद कोणी देत नव्हतं. अबार्थ आज मिळाली तर स्वस्त मिळणार नाही, कारण लोकांना तिची किंमत कळली आहे. लिनिया टी-जेट अजूनही तुलनेने दुर्लक्षित आहे, आणि मला विचाराल तर पैशाला सगळ्यात जास्त गाडी तिथे मिळते. फियाटने इथलं दुकान बंद केलं, हे लक्षात ठेवून घ्या. बॉडीचा पार्ट लागला की थांबावं लागेल.

चाकणची पोलो. २०१३ पासून मिळालेल्या जीटी टीएसआयला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, डीक्यू२०० नावाचा. त्याची टॉर्क झेलण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर. मूळ इंजिन १७५ देतं. रिमॅपनंतर तुम्ही त्या मर्यादेच्या जवळ जाता, शिवाय शहराच्या कोंडीत हा गिअरबॉक्स तापतो आणि त्याचं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, हा खर्चिक भाग आहे. दुरुस्तीच्या पावत्या नसतील तर ही गाडी बाहेरूनच बघून घरी या. मॅन्युअल हवी असेल तर १.६ डिझेलची जीटी टीडीआय, १०५ पीएस आणि २५० न्यूटन मीटर, ही रिमॅपवाल्यांची जुनी लाडकी.

फोर्ड फिगो १.५ डिझेल, १०० पीएस, २१५ न्यूटन मीटर, २०१५ पासूनची. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं आणि त्यामुळे ही गाडी उगाच स्वस्त झाली. स्टिअरिंगला जीव आहे. महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्याला मी हीच सांगतो.

बलेनो आरएस थोडीच वर्षं विकली गेली. १ लिटर बूस्टरजेट, १०२ पीएस, मागेही डिस्क ब्रेक. मारुतीचं जाळं आणि टर्बो एकत्र हवं असेल तर ही शोधा.

१.३ लिटर मल्टिजेट डिझेल, म्हणजे स्विफ्ट, पुंतो, रिट्झ अशा कितीतरी गाड्यांत बसलेलं इंजिन, ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटरचं. पार्ट ढिगाने. पण दोन हजार आरपीएमखाली ते झोपलेलं असतं आणि रिमॅपने ती झोप पूर्ण जात नाही. ज्यात ९० पीएसचं, बदलत्या पात्यांच्या टर्बोचं रूप आहे ती गाडी मिळाली तर बरं.

स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आणि लॉरा १.८ टीएसआय यांच्या जुन्या किमती बघून तोंडाला पाणी सुटतं. सुटू द्या. गाडीची किंमत उतरते, पार्टची किंमत उतरत नाही.

आधीच कोणीतरी मॉडिफाय केलेली गाडी स्वस्त पडते की!

पडते, कारण मालकाला ती आता झेपत नाही. काय बसवलंय, कोणी बसवलंय, वायरिंग कुठे कापलंय, मूळ पार्ट कुठे आहेत, यातलं एकही उत्तर धड मिळत नाही. अपवाद एकच: मालक स्वतः हौशी आहे, सगळ्या पावत्या फाइलला लावल्या आहेत आणि मूळ पार्ट खोक्यात भरून सोबत देतोय. असा माणूस भेटला तर घासाघीस फार करू नका.

गाडी बघायला गेल्यावर नक्की काय बघू?

सकाळी जा, आणि आधी फोनवर सांगा की इंजिन थंड ठेवा. तुम्ही पोचायच्या आत गाडी गरम करून ठेवली असेल तर काहीतरी झाकायचंय. थंड इंजिन सुरू करताना मागे मित्राला उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी असेल तर हेड गास्केटची शंका घ्या. ऑइलचं झाकण काढून बघा, आतून फुसफुस जोरात येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. पेट्रोल गाडी असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी) करून घ्या. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

क्लच तपासायची सोपी रीत आहे. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर ऍक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर पळाला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच संपलाय.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर मागे फिरवणं फार सोपं काम आहे. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई, ड्रायव्हरच्या सीटची बाजू हे खोटं बोलत नाहीत. टायरवर चार आकडी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. "फक्त तीस हजार चाललीय" म्हणणाऱ्याच्या सात वर्षांच्या गाडीचे चारही टायर गेल्या वर्षीचे का, हे विचारा.

आता आपल्याकडचा खास मुद्दा, पुराची गाडी. २६ जुलै २००५ च्या मुंबईनंतर, २०१९ च्या सांगली-कोल्हापूरनंतर, २०२१ च्या चिपळूणनंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात गेल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्या, कार्पेटखालचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डमागचे स्क्रू बघा. कोकणातली गाडी असेल तर खालून सिल आणि सस्पेन्शनच्या जागा बोटाने दाबून बघा, खाऱ्या हवेने पत्रा आतून गेलेला असतो.

माझी पहिली गाडी मी रंगावर भाळून घेतली. "ओरिजिनल पेंट" होता, खरंच होता, दारांवर. पुढचा चॅसिसचा लेग, म्हणजे सांगाड्याचा दांडा, कापून जोडलेला होता आणि ते मला सहा महिन्यांनी कळलं, अलाइनमेंटवाल्याने तिसऱ्यांदा हात टेकले तेव्हा. एजंट तोवर नंबर बदलून मोकळा. तेव्हापासून मी गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय टोकन देत नाही, आणि लिफ्टवर चढवू न देणाऱ्याला नमस्कार करून निघतो.

गोव्याची किंवा कर्नाटकची गाडी स्वस्त मिळतेय, घेऊ?

हिशोब करून घ्या. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात ठेवली की इथे पुन्हा नोंदणी करावी लागते. म्हणजे तिकडची एनओसी आणि इकडचा रोड टॅक्स. तो धरला की स्वस्ताई बहुधा विरते. गोव्याच्या गाडीबाबत ती आधी पर्यटकांना भाड्याने जात होती का हे आरसीवरून तपासा. भाड्याच्या गाडीचा क्लच कोणी जपत नाही. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर ते फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका.

पंधरा वर्षांचं पासिंग संपत आलेली गाडी घ्यावी का?

घेता येते. तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांनी वाढते, आणि महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर लागतो. पण तपासणीच्या दिवशी गाडी कंपनीतून आली तशी दिसायला हवी. म्हणून पासिंग आधी, बाकीचं काम नंतर.

गाडी घेतली. पहिलं काय बदलू?

टायर. मग ब्रेक. मग शॉक ऍब्सॉर्बर. मग पुन्हा ब्रेक.

गंमत नाही करत. गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १०० च्या ऐवजी १४० ने जाताना वेग चाळीस टक्के वाढला, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली. आणि तुमच्या जुन्या गाडीचे ब्रेक तर मूळ वेगालाही पुरेसे नसतात, झिजलेल्या डिस्क आणि चार वर्षांचं ब्रेक ऑइल घेऊन ती फिरत असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्या ऑइलची मर्यादा १५५ पर्यंत उतरते. ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना पेडल जमिनीला टेकण्याचा अनुभव ज्याने घेतलाय त्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. चांगले पॅड, नव्या डिस्क, ताजं ऑइल. मोठे कॅलिपर वगैरे नंतर बघू.

टायर कंपनीच्या मापाचेच घ्या, पण चांगल्या रबराचे. रुंद रिम आणि पातळ साइडवॉलचे टायर आपल्या खड्ड्यांत रिमसकट जातात. टायरवरचं अक्षर बघा, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर वेगापर्यंत.

स्प्रिंग कापून गाडी बसवू नका. कृपया. कापलेल्या स्प्रिंगला शॉक ऍब्सॉर्बर जुळत नाही, गाडी खड्ड्यात बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडसरावर) आदळते आणि वळणात उड्या मारते. दिसते मात्र छान, ते मान्य.

रिमॅप केव्हा करू?

वरचं सगळं झाल्यावर, आणि इंजिन निरोगी आहे याची खात्री पटल्यावर. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या इंधन, बूस्ट आणि इग्निशनच्या तक्त्यांत बदल. कंपनीने खराब पेट्रोल, उन्हाळा आणि निष्काळजी मालक गृहीत धरून जी जागा राखून ठेवलेली असते, तीच तुम्ही वापरता. त्यामुळे इंधन बरं भरा, ऑइल लवकर बदला.

करणाऱ्याने आधी स्कॅनर लावून गाडी तपासली का, चालत्या गाडीत लॉग (इंजिनाच्या आकड्यांची नोंद) घेतला का, मूळ फाइल तुम्हाला परत दिली का, हे बघा. सगळ्यांना एकच फाइल ओतणारे पुष्कळ आहेत. माझ्या एका डिझेल गाडीचा रिमॅपनंतर तिसऱ्या आठवड्यात क्लच घसरायला लागला. करणाऱ्याने विचारलं नव्हतं, आणि क्लच सत्तर हजार किलोमीटर चाललाय हे मीही बोललो नव्हतो. वाढलेला टॉर्क नेहमी सगळ्यात कमजोर कडी शोधून काढतो.

वायरला जोडायची स्वस्त "पॉवर बॉक्स" घेऊ नका.

फिल्टर आणि सायलेन्सर बदलून किती फरक पडतो?

आवाजात भरपूर. वेगात, बिनटर्बो गाडीत, जवळजवळ काहीच नाही. उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा खेचतो, म्हणजे कधी कधी उलटंच. गिअर सोडताना फटाके वाजवणाऱ्या ट्यूनने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग, म्हणजे कॅट) जळतो आणि सोसायटीतले आजोबा तुमच्याशी बोलायचे थांबतात.

मोठं इंजिन बसवता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येईल. कायद्याने परवानगी, तपासणी, आरसीवर नोंद, असा प्रवास आहे. त्या पैशात सरळ मोठ्या इंजिनाची गाडी येते.

आरटीओ आणि पोलीस काय म्हणतात? सगळेच तर करतात!

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा. चांगले पॅड, त्याच मापाचे दर्जेदार टायर, ताजे शॉक ऍब्सॉर्बर यांना कोणी हरकत घेत नाही. कर्कश सायलेन्सर नाक्यावरूनच ओळखू येतो. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद लागते. कॅट किंवा डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकणं हा माझ्या मते गुन्हा तर आहेच, शिवाय असभ्यपणाही आहे. मागच्या दुचाकीवाल्याने तुमचं काय वाकडं केलंय?

विमा कंपनीला सांगायचं का?

हो, लेखी. न सांगता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेला आला तर दावा अडकतो.

मग ही गाडी पळवायची कुठे? समृद्धीवर?

समृद्धीवर हलक्या गाड्यांची मर्यादा १२० आहे, आणि तिथे सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर जुने टायर फुटतात. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ लागतं, पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत.

ट्रॅकवर जा. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे जेमतेम २ किलोमीटरचा आहे, पण हलक्या, कमी ताकदीच्या गाडीला तोच योग्य. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५ किलोमीटरहून मोठा, तिथे आपली स्विफ्ट सरळ पट्ट्यावर दमते. सरळ पळवायची हौस असेल तर लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झालेल्या आहेत. पुण्याहून कोइम्बतूर म्हणजे हजार किलोमीटरहून जास्त, तेव्हा मित्र जमवून जा, सोबत एक जादा पॅडचा सेट आणि ब्रेक ऑइलची बाटली ठेवा. पहिल्याच दिवशी तुमच्या लक्षात येईल की गाडी नाही, आपण कमी पडतोय.

घरात ही एकच गाडी असणार आहे. चालेल?

चालेल, पण मग फिगोसारखी घ्या आणि टायर-ब्रेक-रिमॅपवर थांबा. आईला डॉक्टरकडे न्यायच्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये असेल तर छंदाला घरातून कायमची बंदी येते.

विकताना हे पैसे सुटतात का?

नाही. शंभरातले वीस सुटले तरी नशीब. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ पार्ट जपा. सायलेन्सर, एअरबॉक्स, स्प्रिंग, रिम, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून, गाडीचं नाव आणि तारीख लिहून माळ्यावर टाका. विकायच्या आधी गाडी पुन्हा मूळ रूपात आणा आणि बाहेरचे पार्ट वेगळे विका. माझ्या माळ्यावर आज तीन गाड्यांचे सायलेन्सर आहेत, त्यातल्या दोन गाड्या माझ्याकडे नाहीत. दिवाळीच्या साफसफाईला दर वर्षी त्यावरून घरात बोलणी बसतात.